पॉईंट बावीस

हुबळीच्या एका दंतवैद्यानं विकलं मला.
त्याची नजर गेली होती, माझी अजून शाबूत.
लायसन्सला दीड वर्ष. अर्ज कन्नडमधून, तीनदा,
आणि शेजारणीची साक्ष, की मी भांडखोर नाही.
दिली तिनं. तेवढ्यापुरतं नळाचं भांडण थांबलं.

दिसतं हुबेहूब त्या जुन्या पंचेचाळिसासारखं:
तोच मुठीचा उतार, तीच मागची शेपटी,
मुठीवर लाकूड, म्हणजे लाकडाच्या रंगाचं प्लास्टिक.
वरचा भाग जस्ताचा, साच्यात ओतलेला.
उद्यमबागेत सोळा वर्षं मी ओतकामच तपासते.
हा माल माझ्या टेबलावर आला असता
तर खडूनं फुली मारून परत धाडला असता.
तरी घेतलं.
पगार बघून घेतलं.

बाबांनी खरं हाताळलेलं. कॅम्पात आर्मरर होते.
कुठल्याशा लढाईतून आलेलं ते पंचेचाळीस
मेसच्या काचेत असायचं. दर दसऱ्याला
बाबा ते उतरवायचे, तेल द्यायचे, पुसायचे.
एकदाही झाडलं नाही.
"साहेबाचं होतं की ते."

रविवारी मी चिऱ्याच्या सोडलेल्या खाणीत जाते.
क्लबची रेंज म्हणजे लाल मातीचा एक बांध,
टेबल दोन, त्यातलं एक डुगडुगतं.
आवाज फुटाणा तडकावा एवढा.
पलीकडं जोंधळा काढणाऱ्या बायका मानही वर करत नाहीत.
झटका नाही. मनगटाला नुसतं कळतं
काहीतरी निघून गेलं.
पन्नासाच्या पेटीत चार-पाच फुसक्या, स्वस्तातल्या ना,
मग थांबायचं, तीस आकडे मोजायचे,
तोंड बांधाकडं ठेवून.

एकदा जेवणं झाल्यावर बाबा म्हणाले, "आण बघू."
हात थरथरत होते. पिस्तूल घेतल्यावरही थरथरतच होते,
खरं क्रमानं:
मॅगझिन बाहेर, वरचा भाग मागं,
करंगळी आत घालून बघणं, परत पुढं,
आणि शेवटी, चाळीस वर्षांच्या सवयीनं,
रिकाम्या नळीवर घोडा सोडायला बोट गेलं.

"बाबा, नको!"

आमच्या घरात बाबांवर कुणी ओरडलेलं नाही.
आई मोरीतून बाहेर आली, हातात तवा तसाच.

मग मीच सांगितलं, खाली बघून:
पंचेचाळिसाची सुई गोळीच्या मधोमध बसते.
ह्याची कडेला. ठिणगीची दारू कडेतच भरलेली असते.
आत गोळी नसली की सुई नळीच्या काठावर आपटते,
स्वतःचाच काठ चेचत राहते.
रिकामा बार ह्याला सोसत नाही.

बाबांनी माझ्या डबीतलं एक पुंगळं उचललं,
चष्मा कपाळावरून खाली घेतला
आणि कडेवरची ती तिळाएवढी खूण
फिरवून फिरवून बघत बसले.
"आम्हाला कुणी सांगितलं नाही गे हे, मालू."
"तुमच्याकडं हे नव्हतंच की."
"तेच म्हणूलालोय."

निवडणूक लागली की ते ठाण्यात जमा करायचं.
पंचायतीची लागली, विधानसभेची लागली,
माझ्यापेक्षा त्यानंच जास्त निवडणुका पाहिल्या.
पावतीवर माझं नाव दर वेळी नवीन:
मालन, मालिनी, एकदा तर मल्लव्वा.
हवालदार सिद्रामप्पा कन्नडमध्ये विचारतो,
"खेळण्यातलं का हे?"
मी मराठीत "तसंच समजा" म्हणते.
पुढचं गिऱ्हाईक डबल बॅरल घेऊन मागं उभं असतं.

या खेपेला बाबाही आले. पिस्तूल त्यांनीच बांधलं होतं,
जुन्या बनियनच्या तुकड्यात, तेल लावून.
टेबलावर वाकून सिद्रामप्पाला म्हणाले,
माझ्याहून किती चांगल्या कन्नडमध्ये,
रिकामा घोडा ओढू नका ह्याचा, कुणालाच ओढू देऊ नका,
आणि का ते सगळं सांगितलं, मधोमध, कड, काठ,
बोटांनी हवेत पुंगळं काढून दाखवत.
सिद्रामप्पानं पेन थांबवलं, ऐकून घेतलं,
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं काहीतरी. दोन ओळी.
मला वाचता आल्या नाहीत.

रिक्षात बसल्यावर, गोगटे सर्कल मागं पडल्यावर,
बाबांनी विचारलं,
"मतमोजणी कधी हाय?"